मजुरीचा हिशेब आणि बोरघाटातला एक वाईट दिवस

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्या वेळात डब्याडब्यांतून गरम वडे फिरतात. मग मागून एक धक्का बसतो आणि गाडी पळसदरीकडे निघते. बँकर कशाला लागतात हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पुढे बोरघाट आहे, आणि त्याचा सगळ्यात कडक चढ 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, असा आहे.

हा चढ कोणी बांधला, असं विचारलं की उत्तर येतं "इंग्रजांनी". फार तर कोणी शिंगरोबा धनगराचं नाव घेतं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी ठीक आहेत. पण 1859 च्या जानेवारीत याच घाटात, याच कामावर एक दिवस असा उगवला की हजारो माणसं आणि त्यांचे साहेब एकमेकांच्या अंगावर गेले. एका युरोपीय माणसाचा त्यात जीव गेला. कारण काय, तर मजुरीचे पैसे. आपल्या तालुक्यांच्या इतिहासातला हा प्रसंग शाळेत कोणी शिकवत नाही, जत्रेत कोणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण ती फक्त 1859 ची नाही.

आधी तेव्हाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. रायगड जिल्हा नव्हता, कुलाबा जिल्हाही नव्हता. कुलाबा झाला 1869 ला. कर्जतचा हा भाग तेव्हा ठाण्याच्या कलेक्टरच्या हद्दीत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. 12 मे 1856 ला कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत रूळ आले. खोपोलीकरांनी हे जरूर लक्षात ठेवावं, तुमच्या गावात गाडी आली तेव्हा पुण्याला गाडी माहीतही नव्हती. वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे मार्ग 14 जून 1858 ला सुरू झाला. म्हणजे खाली खोपोलीपर्यंत रेल्वे, वर खंडाळ्यापासून रेल्वे, आणि मध्ये उभा सह्याद्री. प्रवासी खोपोलीला उतरायचे आणि पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून घाट चढायचे. सामान हमालांच्या डोक्यावर.

हा मधला तुकडा जोडायचा होता. सुमारे 16 मैलांची चढण, एकूण चढ 1,831 फूट, 25 बोगदे, 8 मोठे कमानी पूल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीचा मुख्य इंजिनिअर होता जेम्स बर्कली. बोरघाटाचं कंत्राट मिळालं विल्यम फॅव्हिएल याला. हा नवशिका नव्हता. मुंबई-ठाणे मार्गाचं कामही त्याच्याच भागीदारीतल्या कंत्राटात झालं होतं. 24 जानेवारी 1856 ला घाटाचं काम सुरू झालं.

आता कामावरची माणसं बघा. काही देशावरून उतरलेली, काही कोकणातली, काही फार लांबच्या मुलखांतली. बहुतेक जण कुटुंबासकट आलेले. पुरुष पहारीने दगड फोडणार, सुरुंगासाठी भोकं पाडणार. बायका टोपलीने माती-दगड वाहणार, आणि पोरंही हाताशी. पावसाळ्यात घाटात काम जवळपास बंद. आपल्याकडचा पाऊस सांगायला नको. म्हणजे खऱ्या कमाईचे महिने दसरा-दिवाळीपासून वैशाखापर्यंतचे. तेवढ्यात जे हाती पडेल त्यावर वर्ष काढायचं. जानेवारी हा ऐन हंगाम. त्या महिन्यात पैसे अडकले की माणसाचं वर्षच अडकलं, असं समजा.

आणि पैसा खाली यायचा कसा? सरकारने कंपनीला 5 टक्के व्याजाची हमी दिलेली. कंपनीने काम कंत्राटदाराला दिलेलं. कंत्राटदाराने ते तुकड्या-तुकड्यांत खालच्या युरोपीय माणसांकडे सोपवलेलं. त्यांच्याखाली मुकादम. मुकादमाखाली टोळी. टोळीत तो मजूर, त्याची बायको आणि टोपली. वरून सुटलेला रुपया इतक्या हातांतून खाली येणार. प्रत्येक हाताला थोडा तरी चिकटणार. आणि सगळ्यात खालच्या माणसाने कोणाला विचारायचं? त्याला फक्त मुकादम दिसतो. मुकादम म्हणतो साहेबाने दिले नाहीत. साहेब म्हणतो मुकादमाला दिले. दोघांपैकी खरं कोण बोलतंय हे तपासायचं कुठलंही साधन त्या मजुराजवळ नाही.

यात मोजमापाचा घोळ वेगळा. अशा कामांत कंपनी कंत्राटदाराला पैसे देते ते मोजलेल्या कामावर. किती घनफूट कातळ फोडला, किती भराव टाकला, ते इंजिनिअर मोजणार आणि मग बिल निघणार. मजूर मात्र दिवस मोजतो. उगवतीला आलो, मावळतीला गेलो, एक दिवस भरला. आता बोरघाटाचा कातळ म्हणजे काळा बसाल्ट. एखाद्या ठिकाणी चार दिवस घाव घालून हातभर भोक पडतं, दुसरीकडे भुसभुशीत मुरूम लागतो आणि एका दिवसात ढीग निघतो. साहेबाच्या वहीत चार दिवसांचं काम "थोडं", आणि मजुराच्या अंगाला ते चार दिवस पुरेपूर लागलेले.

महिन्याचंही तसंच. आपला महिना अमावस्येला संपतो. साहेबाचा संपतो 30-31 तारखेला. दोन्ही महिने एकाच दिवशी संपले तर तो योगायोग. त्यात भाषा. विलायतेहून आलेल्या देखरेखवाल्यांपैकी किती जणांना धड मराठी येत असेल? हुकूम, शिवी आणि हातवारे, यावर काम चालायचं. मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा तोच मुकादम, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच तक्रारीचं भाषांतर करणार. याला तुम्ही गैरसमज म्हणाल का? मी म्हणेन, गैरसमज होईल अशीच ती सगळी रचना होती.

एवढं समजून घेतलं की जानेवारी 1859 समजायला वेळ लागत नाही. मजुरांची तक्रार साधी होती. ठरलेली मजुरी पूर्ण मिळत नाही आणि वेळेवर मिळत नाही. वर मारहाण. तक्रार वाढत गेली, माणसं जमली, बोलाचाली हातघाईवर आली, आणि दंगल झाली. एक युरोपीय मारला गेला.

त्या दिवशी साहेबाला काय दिसलं असेल, याचा विचार करा. 1857 चा उठाव होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कंपनी सरकार जाऊन राणीचा कारभार सुरू झाल्याचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 ला वाचला गेला होता, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी. उत्तरेत काही ठिकाणी लढाया अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या, तात्या टोपे अजून इंग्रजांच्या हाती लागले नव्हते. अशा वेळी डोंगरातल्या छावणीत मूठभर गोऱ्यांसमोर हजारोंचा जमाव उभा राहिला, तर त्यांच्या मनात पहिला शब्द कोणता आला असेल? "बंड". समोरच्या माणसाच्या मनात मात्र शब्द होता "पैसे". तो राज्य उलथवायला आला नव्हता. त्याला फक्त त्याचे राहिलेले आणे हवे होते.

सरकारने या प्रकरणाची चौकशी केली, आणि चौकशीतून जे पुढे आलं ते कंत्राटदाराच्या बाजूचं नव्हतं. मजुरीची थकबाकी खरी होती, मजुरांशी होणारी वागणूकही वाईट होती. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांनाच मान्य करावं लागलं की भांडणाचं मूळ मजुरांच्या माथेफिरूपणात नव्हतं, पैसे वाटण्याच्या पद्धतीत होतं. हे माझ्या मते या सगळ्या प्रसंगातलं महत्त्वाचं वाक्य आहे. दंगलीनंतर दंगलखोर शोधणं सोपं असतं. हिशेबाची वही उघडायला लावणं अवघड असतं. तेव्हा ती थोडी तरी उघडली गेली.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी फॅव्हिएलने बोरघाटाचं कंत्राट सोडलं. मधल्या काळात कंपनीच्या इंजिनिअरांनी काम सांभाळलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार 1859 च्या अखेरीस विलायतेहून आला आणि मुंबईत उतरल्यावर काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने बोट पकडून परत जायचं सोडून कंत्राट स्वतःच्या हाती घेतलं. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी इंजिनिअर तिने कामावर नेमले. 1861 मध्ये घाटात 42,000 हून जास्त माणसं राबत होती. आजच्या हिशेबातही ही संख्या एखाद्या छोट्या शहराएवढी आहे, आणि ती पळसदरी ते खंडाळा या कड्याकपारीत पसरलेली. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचं उद्घाटन झालं. बर्कली तो दिवस बघायला नव्हता, तो 1862 मध्येच गेला. फॅव्हिएल पुढे सिलोनात, म्हणजे श्रीलंकेत, कोलंबो-कँडी रेल्वे बांधायला गेला.

आणि तो मजूर? तो त्याच्या गावी गेला असेल, नाहीतर पुढच्या कामावर, नाहीतर घाटातल्या एखाद्या पटकीच्या साथीत संपला असेल. त्याचं नाव कुठेच नाही.

पण त्या दिवसाने एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे कायदा. 1860 साली हिंदुस्थान सरकारने मालक आणि कामगारांच्या तंट्यांचा कायदा केला. मुंबई इलाख्यात रेल्वेचे युरोपीय कंत्राटदार आणि त्यांचे मजूर यांच्यात झालेले असले तंटे हे त्यामागचं कारण होतं. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरांचा मजुरीचा वाद झाला, तर मॅजिस्ट्रेटने तो झटपट ऐकून निकाली काढावा, अशी त्यात सोय होती. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या कामगार कायद्यांपैकी हा एक, आणि त्याच्या मुळाशी आपला घाट आहे. कर्जत-खालापूरच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

आता या कायद्याची दुसरी बाजू. त्याच कायद्यात कामाचा करार मोडून निघून जाणारा मजूर गुन्हेगार ठरत होता. म्हणजे बघा, पैसे मिळाले नाहीत म्हणून माणसं चिडली, त्यावर उपाय म्हणून केलेल्या कायद्यात त्यांना दाद मागायला एक दार उघडलं आणि पळून जायचं दार बाहेरून बंद केलं. मालकाने पैसे थकवले तर तो दिवाणी तंटा, मजुराने काम सोडलं तर तो फौजदारी गुन्हा. हा कायदा 70 वर्षांहून जास्त काळ टिकला. 1929 ला नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने 1931 ला अहवाल दिला, त्यानंतर 1932 मध्ये तो रद्द झाला.

मग 1936 चा वेतन प्रदान कायदा आला. तो वाचताना मला कायम बोरघाट आठवतो. पगाराची मुदत एका महिन्यापेक्षा मोठी नको. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर मुदत संपल्यावर 7 दिवसांच्या आत, जास्त असतील तर 10 दिवसांच्या आत पैसे हातात पडले पाहिजेत. कपात कशाकशाची करता येईल याची यादीच दिली, यादीबाहेरची कपात चालणार नाही. म्हणजे "महिना म्हणजे काय" आणि "कापले का" हे दोन प्रश्न मुकादमाच्या तोंडावर न सोडता कागदावर आणले.

1970 साली कंत्राटी कामगार कायदा झाला. त्याचं 21 वं कलम बघा. मजुरी द्यायची जबाबदारी कंत्राटदाराची, पण ती वाटताना मूळ मालकाचा माणूस समोर हजर पाहिजे आणि त्याने सही केली पाहिजे. कंत्राटदाराने पैसे बुडवले तर मूळ मालकाने ते द्यायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे. केंद्राच्या 1971 च्या नियमांत तर असंही आहे की मजुरी वाटायच्या किमान एक दिवस आधी मजुराच्या हातात पगाराची चिठ्ठी पडली पाहिजे. आदल्या दिवशी का? कारण घरी नेऊन कोणाकडून तरी वाचून घेता यावी, आकडे जुळवता यावेत, आणि काही चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी विचारता यावं. ज्याने हा नियम लिहिला त्याला कामावरचं भांडण कसं पेटतं हे नीट माहीत होतं. संसदेने 2019 आणि 2020 मध्ये मंजूर केलेल्या चार श्रम संहितांमध्ये आता हे जुने कायदे सामावले गेलेत. नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले. प्रश्न तोच राहिला. चिठ्ठी हातात पडते का?

इथे मी 1859 सोडून आपल्या आजूबाजूला येतो.

पनवेल-कर्जत नव्या लोकल मार्गासाठी तीन बोगदे खोदले गेले. त्यातला वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरपेक्षा लांब आहे. खोपोलीपासून वर कुसगावपर्यंत एक्स्प्रेस वेच्या मिसिंग लिंकसाठी त्याच सह्याद्रीच्या पोटातून जवळपास 9 किलोमीटरचा बोगदा काढला गेला. यंत्रं बदलली, सुरुंग लावायची रीत बदलली, डोक्यावर हेल्मेट आलं. पण अशा कोणत्याही मोठ्या कामाच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी उभे राहा. झारखंड, बिहार, ओडिशा, बंगालकडची पोरं भेटतील. कंपनीचं नाव विचारलं तर बोर्डावरचं मोठं नाव सांगत नाहीत. ज्याने गावाहून आणलं त्या ठेकेदाराचं नाव सांगतात. पैसे कोण देतो? तोच. कंपनीचा माणूस समोर असतो का? हसतात.

आणि आपली स्वतःची माणसं, त्यांची गोष्ट तर जास्त जवळची आहे. कर्जत-खालापुरातल्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी, पावसाळ्यात, घरात दाणा नसताना मालकाकडून उचल घेतलेली असते. कामाला माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात, म्हणजे नवरा-बायको. दर ठरतो हजार विटांमागे. बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, मीठ-मिरची, तांदूळ, सुक्या मासळीपुरती. आणि पाऊस तोंडावर आला, भट्टी बंद झाली, की हिशेबाचा दिवस येतो.

हा हिशेबाचा दिवस मी बातमीदार म्हणून बऱ्याचदा जवळून बघितलाय. मालकाजवळ वही असते. तो वाचून दाखवतो. इतक्या हजार विटा थापल्या, इतक्या फुटल्या, इतक्या अवकाळी पावसात भिजल्या, त्या वजा. उचल इतकी, ती वजा. खर्ची इतके आठवडे, ती वजा. पोर आजारी पडलं तेव्हा डॉक्टरला दिले, ते वजा. शेवटी कळतं की सहा महिने दोघांनी राबून अजून पैसे "अंगावर" आहेत, आणि ते फेडायला पुढच्या हंगामात याच भट्टीवर यायचं आहे. समोर बसलेला माणूस मान हलवतो. त्याला पटलेलं नसतं. पण त्याच्याजवळ दाखवायला काय असतं? त्याने विटा मोजल्या होत्या त्या मनात. त्याची वही म्हणजे त्याची बायको. ती म्हणते, "शिमग्याच्या आठवड्यात खर्ची दिलीच नव्हती, तेव्हा आम्ही बहिणीकडून तांदूळ आणले." हे ती अगदी नेमकं सांगते. पण वहीत त्या आठवड्यासमोर आकडा लिहिलेला असतो, आणि बाई बोलते ते पुराव्यात धरत नाहीत.

यातून कधी कधी भांडण होतं. कोणी रात्रीतून चंबूगबाळं उचलून निघून जातं, मालक माणसं घेऊन वाडीवर येतो, ठाण्यात जावं लागतं. आणि तिथे जो शब्द कागदावर येतो तो ठरलेला आहे. पैशाच्या देवाणघेवाणीवरून गैरसमज झाला.

हा "गैरसमज" शब्द फार सोयीचा आहे. गैरसमज म्हटलं की दोघांचंही थोडं-थोडं चुकलं असं वाटतं. मिठी मारा आणि विसरून जा, असा त्याचा सूर असतो. खरोखरचे गैरसमज असतातच. कोणी ऐकताना चुकतं, कोणी बोलताना चुकतं, कामाच्या धावपळीत निरोपाचा विपर्यास होतो, आणि अख्खा दिवस नासतो. तुमच्या-माझ्या ऑफिसात, शाळेत, दुकानात हे रोज होतं आणि संध्याकाळी चहावर मिटतं. पण जिथे हिशेब एकालाच वाचता येतो, वही एकाच्याच कपाटात राहते आणि दुसऱ्याने फक्त अंगठा द्यायचा असतो, तिथे झालेल्या भांडणाला गैरसमज म्हणू नये. तिथे एकाला सगळं माहीत असतं आणि दुसऱ्याला काही कळू दिलेलं नसतं.

मालक मंडळी रागावतील म्हणून त्यांची बाजूही लिहितो, कारण तीही खरी आहे. उचल घेऊन न येणारी माणसं असतात. दोन-दोन ठिकाणी उचल घेतलेली असते. भट्टीवाल्याचं भांडवलही कर्जाचं असतं, एक अवकाळी सर आली की लाखो रुपयांच्या कच्च्या विटांचा चिखल होतो. फॅव्हिएललाही असंच म्हणता आलं असतं. साथीचे रोग, माणसं पळून जाणं, कातळ अंदाजापेक्षा कठीण लागणं, ही त्याचीही डोकेदुखी होती. पण तोटा झाला की तो सगळ्यात खालच्या माणसाच्या मजुरीतून भरून काढायचा, आणि तोही त्याला न सांगता, ही पद्धत 1859 ला चालली नाही. आताही चालू नये. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवायला 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आहे, हे या निमित्ताने पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

उपाय मोठा नाही. एक छोटी वही मजुराकडे, तशीच एक मालकाकडे. दर आठवड्याला दोन्हीत एकच आकडा, आणि दोघांची सही नाहीतर अंगठा. वाडीतली दहावी झालेली मुलगी हे काम सहज करू शकते. आता तर प्रत्येक वाडीत निदान एक मोबाईल आहे. वहीच्या पानाचा दर आठवड्याला फोटो काढून ठेवला तरी शिमग्याचा आठवडा कोणाला खोडता येणार नाही. ग्रामपंचायतींनी पावसाळ्याआधी, हिशेबाच्या दिवसांत, एक माणूस समोर बसवला तर अर्धी भांडणं ठाण्यापर्यंत पोचणारच नाहीत. मूळ मालकाचा माणूस समोर हजर पाहिजे, असं 1970 चा कायदा म्हणत होता तो याचसाठी.

शेवटी आठवणीबद्दल. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. साहेबाला डोंगरातली वाट शिंगरोबाने दाखवली, आणि नंतर साहेबानेच त्याला मारलं, अशी लोककथा आहे. आजही ट्रक ड्रायव्हर तिथे हात जोडतात, नाणं टाकतात. ही कथा कागदपत्रांत बसते का, हा वाद इतिहासकार घालोत. मला त्या कथेत एक गोष्ट फार खरी वाटते. काम करून घेतलं आणि मोबदला द्यायची वेळ आली तेव्हा हात वर केले, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलंय. त्या 42,000 जणांची नावं गेली, पण त्यांची तक्रार एका धनगराच्या गोष्टीत शिल्लक राहिली असावी, असं मला वाटतं.

पळसदरी, जामब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल. यापैकी कुठेतरी, किंवा कर्जत-खोपोली स्टेशनावर, एक साधा मराठी फलक लागावा, अशी माझी मागणी आहे. त्यावर इंजिनिअरचं नाव असू द्या, कंत्राटदारीण बाईंचं असू द्या. त्याखाली एवढंच लिहावं की हा मार्ग ज्यांनी फोडला त्या मजुरांनी 1859 च्या जानेवारीत आपल्या मजुरीचा हिशेब मागितला होता, आणि त्यातून या देशात मजुरीच्या तंट्यांचा कायदा आला. रेल्वे प्रवासी संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय जरूर घ्यावा.

तुमच्या घरात पणजोबा-खापरपणजोबांपासून घाटाच्या कामाच्या काही आठवणी चालत आल्या असतील, जुना कागद असेल, टोळीचं किंवा मुकादमाचं नाव असेल, तर कमेंटमध्ये लिहा किंवा मला मेसेज करा. आणि वीटभट्टीवरून परत येणारं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर या जूनमध्ये त्यांच्या हिशेबाच्या दिवशी तासभर त्यांच्याबरोबर जाऊन बसा. वाद घालू नका. वहीतला आकडा मोठ्याने वाचून दाखवा, एवढं पुरे.

#कर्जत #खालापूर #बोरघाट